आरामात जगायचं आणि बांधत बसायचं : सर्व्हायव्हल-बिल्डिंग गेम्स खेळणारे कोण कोण आहेत इथे?

माळरान :

गेम्सवर इथे धागे निघतात ते बहुतेक बीजीएमआयचे (मोबाइलवरचा गोळीबाराचा गेम), नाहीतर "मुलगा मोबाइल सोडत नाही, काय करू" असे. मला वेगळ्या प्रकारच्या गेम्सबद्दल बोलायचंय. तुम्हाला कुठल्यातरी अनोळखी जागी आणून सोडतात, हातात काही नाही, झाड तोडा, दगड गोळा करा, अंधार पडायच्या आत डोक्यावर छप्पर घाला आणि मग पुढे काय करायचं ते कुणी सांगत नाही. माइनक्राफ्ट सगळ्यांना ऐकून तरी माहीत असतो (पूर्ण आवृत्ती नोव्हेंबर २०११ची, आणि २०२३ पर्यंत ३० कोटींच्या वर प्रती विकल्या गेल्यात), पण त्याच घराण्यात व्हॅल्हाइम आहे, राफ्ट आहे, सबनॉटिका, ग्राउंडेड, नो मॅन्स स्काय असे बरेच आहेत.

माझं म्हणणं एकच आहे, या गेममध्ये गरज हवी, धाक नको. सगळं फुकट मिळालं तर दोन तासांत कंटाळा येतो आणि सारखं मरायला लागलं तर डोकं दुखतं. या दोन्हीच्या मधे एक जागा आहे आणि ती ज्या गेमला सापडली तो गेम माणूस वर्षानुवर्षं खेळतो.

व्हॅल्हाइम घ्या. स्वीडनमधल्या आयर्न गेट नावाच्या छोट्या कंपनीचा, फेब्रुवारी २०२१ मध्ये अर्ली अ‍ॅक्सेसला (म्हणजे पूर्ण व्हायच्या आधीच विक्रीला) आला तेव्हा टीममध्ये पाच जण होते आणि पहिल्या महिनाभरात ५० लाख प्रती गेल्या. जुन्या सर्व्हायव्हल गेम्समध्ये भूक म्हणजे शिक्षा असायची, पट्टी उतरत जाते आणि शून्यावर आली की तुम्ही मेलात. यात उपाशी राहून कुणी मरत नाही. रिकाम्या पोटी तुमची तब्येत २५ पॉइंटवर असते, तेवढ्यात सुद्धा फिरता येतं, पण तीन वेगवेगळे पदार्थ खाल्ले की तब्येत आणि स्टॅमिना (दमसास) दोन्ही वाढतात. म्हणजे जेवण हे बक्षीस आहे. एवढा एकच बदल, पण त्याने खेळणाऱ्याचा सगळा मूडच बदलतो, मी बोरं गोळा करायला जातो तेव्हा जीव वाचवायला पळत नसतो, उद्याच्या मोहिमेची शिदोरी बांधत असतो.

आणि घर! छपराखाली शेकोटीजवळ थोडं बसलं की रेस्टेड बोनस मिळतो, स्टॅमिना भराभर भरतो. खोलीत खुर्ची, टेबल, गालिचा, भिंतीवर पताका, जे जे लावाल त्याने कम्फर्ट वाढतो आणि प्रत्येक पातळीमागे तो बोनस एक मिनिट जास्त टिकतो. घर सजवणं हे तिथे फावल्या वेळचं काम राहत नाही, बाहेर पडायची ताकद त्यातूनच येते. हे ज्याला सुचलं त्याला मनापासून सलाम.

तुम्ही काय खेळता, आणि का आवडतं, सविस्तर लिहा.

शेवटची_लोकल :

+१. माइनक्राफ्टचा एक पूर्ण दिवस-रात्र म्हणजे आपली २० मिनिटं. ऑफिसातून येऊन जेवण झाल्यावर दोन-तीन दिवस जगून घ्यायचे आणि झोपायचं.

एकटा_लांडगा :

थोडं विरुद्ध बोलतो, राग मानू नका. धाक काढला की मग उरतं काय? मी द लाँग डार्क खेळतो, कॅनडातल्या हिंटरलँडचा गेम. बर्फातलं ओसाड जंगल, मेलात की सेव्ह फाइल पुसली जाते, परत पहिल्यापासून. त्या गेममध्ये एक काडेपेटी सापडली की जो आनंद होतो तो तुमच्या गालिचे-पताकांत नाही मिळणार. वादळात एखादी गुहा सापडली आणि आत कोरडी लाकडं मिळाली तर ती गुहा मला घरासारखी वाटते, आणि ते का वाटतं, तर बाहेर मरण आहे म्हणून. माइनक्राफ्ट पीसफुलवर टाकून खेळणारे लोक मला कळतच नाहीत. भूक लागत नाही, राक्षस येत नाहीत, मग भिंत कशासाठी बांधताय?

माळरान :

@एकटा_लांडगा, राग कसला, प्रश्न बरोबर आहे. पण तुम्ही ज्या गेमचं नाव घेतलंत त्यातच पिलग्रिम मोड आहे, त्यात लांडगे तुम्हाला बघून पळतात. थंडी, भूक, तहान मात्र राहते. आणि तरी तो गेम तितकाच सुंदर लागतो, उलट मला तर ते जंगल नीट बघता आलं ते पिलग्रिममध्येच. कुठे थांबायचं ते माणसागणिक वेगळं असणार. माझा मुद्दा असा की काहीतरी थोडं मागणारं हवं. थंडी पुरेशी आहे, लांडगा नसला तरी चालतो.

रात्रपाळी :

मी नर्स आहे, आयसीयूमध्ये. मला गेममध्ये मरणाची भीती अजिबात नको, ती दिवसभर पुरेशी बघते. पण म्हणून मला नुसतं रंग भरत बसायचं पण नाहीये, मला काहीतरी उलगडत जाणारं पाहिजे. मी सबनॉटिका फ्रीडम मोडवर खेळते. त्यात भूक-तहान बंद, फक्त ऑक्सिजन सांभाळायचा. तुमचं यान एका परक्या ग्रहावरच्या समुद्रात पडलेलं असतं आणि सुरुवातीला फक्त ४५ सेकंदांचा श्वास. मग मोठी टाकी बनवायची, पंख बनवायचे, जरा खोल जायचं, परत वर. दर वेळी आधीपेक्षा थोडं जास्त दिसतं.

त्या गेममध्ये जीव घेणाऱ्या बंदुका नाहीत हे किती जणांना माहितीये? एक स्टॅसिस रायफल आहे पण ती प्राण्याला थोडा वेळ जागच्या जागी थांबवते एवढंच. गेमचे दिग्दर्शक चार्ली क्लीव्हलँड यांनी सांगितलंय की २०१२ मध्ये अमेरिकेत सँडी हुकच्या शाळेत गोळीबार झाला, त्यानंतर त्यांनी ठरवलं की यात बंदुका ठेवायच्या नाहीत. मला हे कळलं त्या दिवसापासून हा गेम जास्तच जवळचा झाला. रीपर नावाचा मोठा शिकारी प्राणी आला की मी लपते, वाट बदलते, दिवा बंद करते. त्याला मारायचा विचारच येत नाही आणि त्यामुळे तो समुद्र त्याचा वाटतो, मी पाहुणी.

बांधायची मजा पण आहे. पाण्याखाली काचेचे बोगदे लावत सुटलं की हल इंटेग्रिटी (बांधकामाची मजबुती) उतरते आणि भिंतीला चीर पडून आत पाणी भरायला लागतं, खोल गेलं की आणखीनच. मग कुठे पाया घाल, कुठे भिंतीला मजबुती दे, असं करत समुद्राचं एक मोठ्ठं दृश्य दिसेल अशी खिडकी मिळवायची. ती खिडकी कमावलेली असते. ड्यूटीवरून आल्यावर त्या खिडकीसमोर नुसती उभी राहते मी, आणि खरंच बरं वाटतं.

एकटा_लांडगा :

@रात्रपाळी ताई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. पटलं. ज्याला दिवसभर जे मिळतं ते त्याला खेळात नको असतं, हा विचार मी केलाच नव्हता. मी बँकेत बसतो, माझ्या दिवसात धोका नावाची गोष्टच नाही.

कौलारू :

मी देवगडकडची, आता नोकरीसाठी हैदराबादला. व्हॅल्हाइममध्ये मी कोकणातलं घर बांधलंय, पडवी, ओटी, माजघर सगळं. त्यात शाकारलेल्या छपराचे दोन उतार मिळतात, २६ अंश आणि ४५ अंश. ४५चं लावलं तरच ते आमच्याकडच्या घरासारखं दिसतं, पाऊस धो धो खाली जाणारं. आणि त्या गेमला पाऊस समजतो हो! उघड्यावरचं लाकूड भिजत राहिलं की खराब होत जातं, निम्म्यापर्यंत उतरतं आणि तिथे थांबतं. म्हणजे घर पडत नाही, पण बघवत नाही. मग हातोडा घेऊन फिरायचं. मे महिन्यात आमच्याकडे शाकारणी चालायची, माझे आजोबा छपरावर चढलेले असायचे आणि आम्ही खालून नळे द्यायचो. माझ्या बरोबर खेळणारी गुजराती मैत्रीण म्हणते हे दुरुस्तीचं काम कटकटीचं आहे, मला मात्र गेममधलं सगळ्यात आवडतं काम तेच आहे.

धुराचं पण सांगायलाच हवं. घरात शेकोटी केली आणि वर धूर जायला वाट ठेवली नाही तर खोली धुराने भरते आणि तुम्हाला इजा होते. पण नुसतं भोक ठेवलं तर पाऊस आत येऊन शेकोटी विझते. म्हणजे आढ्याशी छपराचा एक तुकडा वर उचलून असा बसवायचा की धूर बाजूने जाईल आणि पाणी येणार नाही. हे मला कुठल्या ट्यूटोरियलने शिकवलं नाही, आमच्या स्वयंपाकघराचं छप्पर आठवलं आणि तसंच केलं, लगेच चाललं. गेममध्ये कुणीतरी परदेशात बसून लिहिलेला नियम आणि माझ्या आजीच्या चुलीवरचं छप्पर एकाच गोष्टीचा विचार करतात, याने मी खूप हलले.

आणि हातोडा हातात घेऊन बघितलं की प्रत्येक खांब-तुळई रंग दाखवते ते पण भारी. जमिनीला टेकलेलं निळं, मग वर जाल तसं हिरवं, पिवळं, शेवटी लाल, त्याच्या पुढे काही लावलं की तुटून पडतं. एवढ्या गोष्टीवर माझ्या भाच्याला भार कसा खाली उतरतो ते समजलं.

जावा_कोडर :

एक प्रामाणिक शंका. मी दिवसभर ऑफिसमध्ये तिकिटं (सॉफ्टवेअरच्या तक्रारी) बंद करतो. घरी येऊन परत लाकडं तोडा, धातू वितळवा, पेट्यांमध्ये सामान लावा, हे दुसरी नोकरी केल्यासारखं नाही वाटत? मी माइनक्राफ्ट करून पाहिला, पेट्या लावण्यात अख्खी संध्याकाळ गेली आणि मला कळेना मी का करतोय.

शेवटची_लोकल :

@जावा_कोडर क्रिएटिव्ह मोड ट्राय करा, सगळं सामान अमर्याद, उडता येतं.

माळरान :

@शेवटची_लोकल, मला वाटतं त्यांना त्याने आणखीच कंटाळा येईल. क्रिएटिव्हमध्ये ज्यांना आधीच डोक्यात चित्र असतं ते रमतात, ते वेगळे कलाकार लोक. आपल्यासारख्याला हजार प्रकारचे ठोकळे समोर टाकले की काही सुचत नाही. सर्व्हायव्हलमध्ये घर तसं का झालं याला कारण असतं, जवळ बर्चचं जंगल होतं म्हणून फिकं लाकूड, गुहेत अँडेसाइट खूप निघाला म्हणून करडा पाया. सामान कमी असतं म्हणूनच निर्णय घेता येतात.

@जावा_कोडर, नोकरीसारखं वाटणं हे मला पण कधी कधी होतं पण मी एक फरक सांगतो. ऑफिसमध्ये आपण वर्षभर ज्या मॉड्यूलवर खपलो ते पुढच्या वर्षी कुणी वापरतं की नाही ते आपल्याला कळत पण नाही. इथे मी पूल बांधला तर उद्या मीच त्यावरून जातो. आणि कुणी विचारत नाही कधी पूर्ण होणार. माझा एक मनोरा अर्धवट सोडून दिलाय बऱ्याच दिवसांपासून, त्याचं काही बिघडत नाही, पाहिजे तेव्हा जाईन.

दुसरं म्हणजे, आणि हे मला फार महत्त्वाचं वाटतं, हे गेम्स तुमच्या मागे लागत नाहीत. मोबाइलवरचे कितीतरी गेम रोज या नाहीतर बक्षीस जाईल, सीझन संपतोय, पास घ्या, मित्राला बोलवा, असं सतत खांद्यावर टकटक करत असतात. इथे एकदा पैसे दिले की झालं. नो मॅन्स स्काय २०१६ मध्ये आला तेव्हा लोकांनी खूप शिव्या घातल्या होत्या, सांगितलेल्या कितीतरी गोष्टी नव्हत्याच त्यात, पण हॅलो गेम्सवाले गप्प राहून काम करत राहिले आणि तेव्हापासूनचे सगळे मोठे अपडेट फुकट दिले, २०२२ मध्ये तर खास रिलॅक्स्ड मोड पण आणला. टेरारियाचं तेच, स्टारड्यू व्हॅलीचं तेच, एरिक बॅरोन या एकट्या माणसाने साडेचार वर्षं बसून केलेला गेम आणि आठ वर्षांनी २०२४ मध्ये पण मोठा अपडेट फुकट. तुम्ही सहा महिने गेम उघडला नाही तरी तुमचं शेत जसंच्या तसं असतं. माणसाच्या वेळेचा मान ठेवणारे गेम आहेत हे. मला याचं फार अप्रूप आहे.

पंचगंगा :

माझा भाऊ डब्लिनला असतो आणि मी कोल्हापुरात. फोनवर आमचं बोलणं जेवलास का, थंडी आहे का, आईचं गुडघ्याचं दुखणं कसं आहे याच्या पुढे जात नव्हतं. आता रविवारी आम्ही व्हॅल्हाइम खेळतो आणि खरं बोलणं तिथे होतं.

याला त्या गेमचा एक नियम कारणीभूत आहे. साधं पोर्टल बांधलं की तुम्ही क्षणात इकडून तिकडे जाता, पण तांबं, लोखंड असलं काही बरोबर असेल तर पोर्टल तुम्हाला घेत नाही. मग ते नावेत घालूनच आणायचं. वारा अनुकूल असला तर शीड, नाहीतर वल्हवत, समोर धुकं, आणि करायला दुसरं काही नाही. अशाच एका फेरीत भाऊ सुकाणूवर होता आणि मी पुढे उभी होते तेव्हा त्याने मला सांगितलं की त्याला परत यायचंय. समोरासमोर तो हे कधीच बोलला नसता. एकमेकांकडे न बघता, हातात काम असताना माणूस बोलतो, आमच्याकडे शेंगा फोडायला बसलं की बायका बोलायच्या तसं.

२०२३च्या अपडेटमध्ये वर्ल्ड मॉडिफायर (जगाचे नियम बदलायची सोय) आले, त्यातून धातू पण पोर्टलमधून नेता येतो असं करता येतं. भावाने विचारलं करूया का, मी नको म्हटलं.

एकटा_लांडगा :

@पंचगंगा, बघा म्हणजे गैरसोय हवीच की नाही थोडी. :)

पंचगंगा :

@एकटा_लांडगा हो दादा, गैरसोय हवीच. तेवढी मात्र हवीच.

निळा_कंदील :

माझ्या बायकोला कोळ्यांची भयंकर भीती. ग्राउंडेड म्हणजे मुलं मुंगीएवढी होऊन घरामागच्या बागेत अडकतात, गवताची पाती झाडांएवढी, आणि कोळी गाडीएवढे. ती म्हणाली मी नाही खेळणार. पण ऑब्सिडियनने त्यात अ‍ॅरॅक्नोफोबिया मोड दिलाय, एक स्लायडर आहे, सरकवत गेलं की कोळ्याचे पाय जातात, मग बाकीचं पण जातं आणि शेवटी तरंगणारे गोळे उरतात. आता ती माझ्यापेक्षा जास्त खेळते, गवताच्या काड्यांची भिंत काय सुंदर बांधलीये. कुणाला किती भीती सोसते ते त्याचं त्याने ठरवावं हे मान्य करणारे लोक गेम बनवतायत, याचा आनंद आहे.

राफ्टबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. समुद्रात चार फळ्यांच्या तराफ्यावर सुरुवात, आकडा फेकून वाहत आलेल्या फळ्या, प्लास्टिक, झावळ्या ओढायच्या आणि त्यातून तराफा वाढवत न्यायचा. नेहमीच्या मोडमध्ये शार्क येऊन फळी कुरतडून नेतो, ते नको असेल तर पीसफुल मोड आहे. घर स्वतःच वाहत चाललंय ही कल्पनाच मला फार आवडते.

दहावा_गडी :

माझ्याकडे जुना लॅपटॉप आहे ४ जीबीचा, ग्राफिक्स कार्ड नाही आणि पैसे पण नाहीत, कॉलेजला आहे. काही आहे का माझ्यासाठी?

जावा_कोडर :

@दहावा_गडी लुआंटी घे. आधी मायनटेस्ट नाव होतं, २०२४ मध्ये बदललं. पूर्ण मोफत, ओपन सोर्स, जुन्या मशीनवर चालतं, अँड्रॉइडवर पण आहे. लुआंटी हे फक्त इंजिन आहे, आत गेल्यावर गेम वेगळा उतरवायचा, माइनक्राफ्टसारखं हवं असेल तर व्हॉक्सेलिब्रे किंवा माइनक्लोनिया. लुआ भाषेत मॉड (गेममध्ये आपण घातलेले बदल) लिहिता येतात, कोडिंग शिकत असशील तर सोन्याहून पिवळं. (आणि @माळरान, पुलाचं जे लिहिलंत ते डोक्यात राहिलंय. शनिवारी परत सुरू करून बघतो, या वेळी पेट्या न लावता.)

बर्फातली_आई :

आम्ही कॅल्गरीला असतो. दिवाळीत इथे जमीन गोठायला लागलेली असते, माती कुठून आणणार, त्यामुळे इथली मराठी मुलं मिळून माइनक्राफ्टमध्ये किल्ला करतात. सर्व्हायव्हलमध्ये, पीसफुलवर. क्रिएटिव्ह करूया असं एका मुलाने सुचवलं होतं तर माझी मुलगीच म्हणाली की मग तो कुणीच बांधला नाही असं होईल. प्रत्येकाने आपापला दगड खोदून आणायचा.

गेल्या वेळी राजगड केला. एक ठोकळा म्हणजे एक मीटर धरतात, पण पूर्ण राजगड त्या मापाने झेपणारा नाही, मग बालेकिल्ला आणि संजीवनी माचीचा एक तुकडा एवढंच घेतलं. संजीवनीची दुहेरी तटबंदी, बाहेरची भिंत, मधे माणूस जाईल एवढी जागा, आत दुसरी भिंत. मुलांना सुरुवातीला कळत नव्हतं दोन भिंती कशाला, दुप्पट दगड लागतो. बांधून झाल्यावर त्या मधल्या बोळातून धावत गेली तेव्हा आपोआप कळलं. यंदा रायगडचा महादरवाजा करतोय, गोमुखी, म्हणजे दोन बुरूज असे पुढे आलेले की समोरून दार दिसतच नाही, वळून जावं लागतं.

आणि एक गोष्ट मला इथे सांगायचीच आहे. रंग जमत नव्हता, नेहमीचा दगड फार फिका दिसतो. मग मुलांना सापडलं की माइनक्राफ्टमध्ये बेसाल्ट आहे, २०२०च्या नेदर अपडेटपासून. महाराष्ट्रातला आपला जवळजवळ सगळा सह्याद्री बेसाल्टचाच! मी त्यांना सांगितलं की साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थरावर थर वाहत गेला आणि त्यातून तो दगड झाला, किल्ले त्याच दगडाचे. तर मुलगा म्हणाला, आई, गेममध्ये पण तो लाव्हापासूनच बनतो. आणि खरंच, लाव्हा ओतून त्यांनी बेसाल्ट तयार करायचं यंत्र केलंय. ज्या मुलांनी अजून सह्याद्री पाहिलेला नाही त्यांनी त्याचा दगड स्वतः बनवला, मला त्या दिवशी झोप लागली नाही आनंदाने.

कौलारू :

@बर्फातली_आई, किती सुंदर! स्क्रीनशॉट टाका ना प्लीज, आणि ते बेसाल्टचं कसं केलं ते पण सांगा. माझ्या भाच्याला सिंधुदुर्ग करायचाय, आणि त्याचा दगड पण काळाच पाहिजे.

बर्फातली_आई :

@कौलारू ताई, स्क्रीनशॉट मुलीकडून घेऊन उद्या टाकते. कृती अशी, खाली सोल सॉइल (गेममधल्या नेदर या पाताळातली माती) ठेवायची, शेजारी ब्लू आइसचा ठोकळा, आणि लाव्हा असा सोडायचा की तो वाहत त्या सोल सॉइलच्या वर आणि ब्लू आइसला चिकटून येईल, की तिथे बेसाल्ट होतो. खोदला की लाव्हा परत वाहत येतो, परत बेसाल्ट. सोल सॉइलच हवी, सोल सँडने होत नाही, मुलांची एक संध्याकाळ त्यात गेली. ब्लू आइस महाग पडतो, नऊ बर्फांचा एक पॅक्ड आइस आणि नऊ पॅक्डचा एक ब्लू, म्हणजे एका ठोकळ्याला ८१ बर्फ, आणि तो सिल्क टचच्या (ठोकळा अख्खा काढणाऱ्या जादूच्या) कुदळीनेच काढायचा नाहीतर फुटून जातो. पण यंत्राला एकच ब्लू आइस पुरतो, तो संपत नाही. भिंतीला बेसाल्ट भट्टीत घालून स्मूथ करून घ्या, नाहीतर खांबासारख्या उभ्या रेघा दिसतात. बुरुजाला मात्र त्या रेघाच छान दिसतात, तिथे तसाच ठेवा.